बोटीवर केळं नको

मी खरं बोलणारा माणूस आहे. असं सगळेच म्हणतात, पण माझ्याकडे लेखी पुरावा आहे. साडेचार फूट लांबीचा कागद. त्यावर यंत्राने ओढलेल्या रेघा आहेत, खाली निवृत्त डेप्युटी शेरीफची सही आहे आणि वर काच बसवलेली आहे. ज्याला शंका असेल त्याने अलाबामात येऊन तो खुशाल वाचावा. फक्त डावीकडच्या टोकापासून सुरुवात करू नये, एवढीच विनंती.

या सगळ्याच्या मुळाशी आहे रेलिन लेडबेटर. म्हणजे खरं तर रेलिनचे वडील. रेलिनशी लग्न करायचं हे माझं दीड वर्षापूर्वीच ठरलं होतं. रेलिनचं ठरायला आणखी सहा महिने लागले. आता उरले होते मिस्टर हॉइट लेडबेटर, आणि ते माझ्याशी बोलत नव्हते. रागावले होते असं नाही. माझ्याशी बोलण्यासारखं त्यांना काही सापडलंच नव्हतं. दर रविवारी चर्चनंतर मी त्यांच्या घरी जेवायला जायचो, बरोबर त्यांच्या समोर बसायचो, आणि ते मान वळवून रेलिनला विचारायचे, "त्या मुलाला अजून थंड चहा हवाय का बघ."

त्या मुलाचं वय सव्वीस होतं. तो मुलगा ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटर सांभाळत होता आणि त्याच्या खिशात पाच महिने अंगठी फिरत होती.

जेवायला कायम एकच पदार्थ. मिस जॅनेलचं, म्हणजे रेलिनच्या आईचं, पिवळ्या भोपळ्याचं कॅसरोल. भोपळा, अंडी, चीज, वर खारी बिस्किटं चुरायची आणि भट्टीत ढकलायचं. चमच्याने उचलायला गेलं की ताटही सोबत वर यायचं. गिळल्यानंतर ते छातीत थोडा वेळ थांबून विचार करायचं. मी दर रविवारी दोनदा वाढून घ्यायचो आणि "अप्रतिम, मिस जॅनेल" म्हणायचो. मिस्टर हॉइट खाली बघून एकदाच वाढून घ्यायचे. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी तेवढी सवलत मिळवली होती.

तर मिस्टर हॉइट फक्त एकाच गोष्टीवर बोलत. बास माशावर.

बास हा मासा आमच्याकडे खाण्यासाठी पकडत नाहीत. पहाटे उठायचं, घराच्या निम्म्या किमतीची बोट तळ्यात लोटायची, दिवसभर उन्हात भाजून मासा पकडायचा, त्याचं वजन करायचं, त्याची माफी मागितल्यासारखं करून त्याला परत पाण्यात सोडायचं आणि घरी येऊन कॅसरोल खायचं. याला आमच्याकडे विश्रांती म्हणतात.

आमच्या चर्चची दर एप्रिलला बास स्पर्धा असते. एका बोटीत दोघे, पाच मासे, एकूण वजन जास्त तो जिंकला. मिस्टर हॉइट नऊ वेळा दुसरे आले होते. नऊही वेळा पहिला आला होता ग्रेडी रॅगस्डेल, छपरं घालणारा ठेकेदार. लेडबेटरांच्या बैठकीत नऊ लहान कप ओळीने मांडलेले होते आणि त्यांच्या मध्ये मोठ्या कपासाठी मोकळी जागा ठेवलेली होती. मिस जॅनेल ती जागा दर शनिवारी पुसायच्या.

यंदा स्पर्धेच्या आठ दिवस आधी मिस्टर हॉइटच्या मेव्हण्याची, म्हणजे त्यांच्या जोडीदाराची, कंबर धरली. रविवारी जेवताना मिस्टर हॉइट रेलिनला म्हणाले, "त्या मुलाला गळ टाकता येतो का?"

"येतो, सर," मी म्हणालो.

"मी हिला विचारलं."

"येतो, डॅडी," रेलिन म्हणाली.

माझी योजना तिथेच तयार झाली. स्पर्धा जिंकायची, कप हातात असताना विचारायचं. कप हातात असलेला माणूस नाही म्हणत नाही. निघताना रेलिनने मला अंगणात गाठलं आणि माझ्या शर्टाची कॉलर धरली.

"एकच सांगते. बोटीवर केळं न्यायचं नाही."

"केळं?"

"हसू नकोस. डॅडींना चालत नाही. केळं आलं की मासा जातो. बाकी काहीही कर. बोट बुडवलीस तरी ते तुला कधीतरी माफ करतील."

तळ्यावर केळं अपशकुनी, हे मलाही ठाऊक होतं. सगळ्यांनाच असतं. पण काही लोकांना ते ठाऊक असतं, आणि काही लोक ते पाळतात. मिस्टर हॉइट पाळणाऱ्यांचे खजिनदार होते. म्हणे एका वर्षी त्यांच्या चुलतभावाने बोटीवर अर्धं केळं खाल्लं. त्याच दिवशी मोटर बंद पडली, अँकर हरवला, आणि पुढच्या वर्षी चुलतभावाचा घटस्फोट झाला. "अर्धं," असं मिस्टर हॉइट सांगताना तर्जनी उचलून दाखवत.

शनिवारी पहाटे तळ्याच्या उतारावर माझी झडती झाली. उतारावर आमच्याकडे शिस्त असते. बोट पाण्यात सोडण्याआधी सगळं तयार ठेवायचं, मागच्यांचा रस्ता अडवायचा नाही. मिस्टर हॉइटनी चौदा ट्रेलरांचा रस्ता अडवून माझी पिशवी उलटी केली. उन्हाचं मलम हुंगलं. नारळाचं निघालं, चालेल. मग टॉर्च माझ्या छातीवर आला.

"हे काय?"

"चंद्रकोर, सर. दुकानाची खूण आहे."

"पिवळी आहे."

"चंद्र आहे, सर."

"लांबून कसा दिसतो?"

मी टी-शर्ट उलटा घातला. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. मिस्टर हॉइटनी तिकडे टॉर्च मारून शांतपणे सांगितलं, "केळं तपासतोय." हॉर्न बंद झाला. एक जण तर खाली उतरून स्वतःचा डबा तपासू लागला.

माझा डबा तेवढा त्यांनी उघडला नाही. फॉइलचं पुडकं बघून "काय आहे?" विचारलं. मी म्हणालो, "चार हॅम सँडविच, सर. आईने दिलीत." आणि ते खरंही होतं. म्हणजे, मला ते खरं वाटत होतं. कायद्यात या दोन्हींत फरक करतात.

बोटीत मागे बसणाऱ्या माणसाचे नियम मला तोंडपाठ करायला लावले होते. पुढच्या माणसाच्या पुढे गळ टाकायचा नाही. त्याने चाळून टाकलेलं पाणी आपलं. मासा जाळ्यात येईपर्यंत "मोठा आहे" म्हणायचं नाही. बोटीत पाय आपटायचा नाही. जागा कुणाला दाखवायची नाही, बोटाने तर नाहीच, मानेनेही नाही. मी अकरा वाजेपर्यंत पुतळ्यासारखा बसलो होतो. तळ्याच्या वरच्या खाडीत, पाण्यात बुडालेल्या जुन्या झाडांच्या बुंध्यांमध्ये मिस्टर हॉइट रबरी किडा टाकत होते, तळाशी टेकू देत होते, हळूच ओढत होते, पुन्हा थांबत होते. लागला काय? काहीही नाही. पाच तासांत एकही मासा नाही.

"बोटीवर काहीतरी आहे," मिस्टर हॉइट पुढून म्हणाले. माझ्याकडे न बघता.

"काही नाही, सर."

तेवढ्यात रॅगस्डेलची बोट खाडीत शिरली आणि आमच्यापासून वीस हातांवर थांबली. दुसऱ्याच्या जागेपासून दोन फेकींचं अंतर ठेवायचं, हे लहान पोरालाही कळतं.

"हॉइट, काही लागतंय का?" रॅगस्डेलने विचारलं.

"देव तुझं भलं करो, ग्रेडी," मिस्टर हॉइट म्हणाले.

आमच्याकडे यापेक्षा जहाल शिवी नाही. रॅगस्डेलचा जोडीदार चपापला. त्यांनी बोट वळवली, पण जाता जाता रॅगस्डेलने पकडलेले मासे जिवंत ठेवायच्या आपल्या टाकीचं झाकण मुद्दाम उचललं. आतून पाच मोठ्या शेपट्यांची फडफड ऐकू आली. मिस्टर हॉइटचे खांदे दोन इंच खाली गेले. मला वाईट वाटलं. वाईट वाटलं की मला भूक लागते. मी डबा उघडला.

फॉइलमध्ये बनाना ब्रेड होता.

अख्खा. विटेच्या मापाचा. आईने एकाच संध्याकाळी दोन पुडकी बांधली होती, एक माझ्यासाठी आणि एक चर्चच्या केकच्या टेबलासाठी. म्हणजे या क्षणी चर्चमध्ये कोणीतरी चार हॅम सँडविच केक म्हणून मांडत होतं आणि मी मिस्टर हॉइटच्या बोटीत केळ्याची वीट मांडीवर घेऊन बसलो होतो.

पाण्यात टाकावी, तर ती तरंगली असती. पिशवीत ठेवावी, तर वास सुटला होता. पुरावा नष्ट करण्याचा एकच मार्ग उरला. मी खायला सुरुवात केली.

बनाना ब्रेड चवीने खाणं आणि गुन्हेगारासारखं खाणं यात फार फरक आहे. फॉइल जरा चुरचुरली की पुढची टोपी हलायची.

"काय खातोस?"

"सँडविच, सर."

"गोड वास येतोय."

"मधातलं हॅम आहे, सर."

टोपी थोडा वेळ विचार करत राहिली. "अर्धं इकडे दे. मीही सकाळपासून काही खाल्लं नाही."

"संपलं, सर."

"चारही?"

"भूक लागली होती, सर."

त्या वेळी अर्धी वीट माझ्या हातात होती आणि पाव तोंडात. अक्रोड दाताखाली येऊन आवाज करू नये म्हणून मी ते अख्खे गिळत होतो. शेवटचा तुकडा खाली गेला तेव्हा मला पाण्याच्या रेषेत बदल झाल्यासारखं वाटलं. बोट मागे कलली होती.

"इकडे ये," मिस्टर हॉइट म्हणाले. "किडा फाटलाय. नवीन लाव. चष्मा गाडीत राहिला."

मी हात पँटला पुसले. पण माझी आई लोणी मोजून घालत नाही. त्या हातांनी मी रबरी किडा गळावर चढवला, टोक आत लपवलं, आणि त्यांनी तो एका बुंध्याशेजारी टाकला.

किडा तळाला पोचलाच नाही. दोरी बाजूला पळाली, काठी वाकली, आणि तीन मिनिटांनी मी साडेपाच पौंडांचा बास जाळ्यात घेतला. "मोठा आहे" असं मी तेव्हाही म्हणालो नाही. मिस्टर हॉइटनी माशाच्या खालच्या ओठाला अंगठा लावून त्याला उचललं, टाकीत सोडलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"तूच लाव अजून एक."

पुढच्या चाळीस मिनिटांत पाच झाले. मग छोटे सोडून मोठे ठेवत गेलो. मिस्टर हॉइटनी एकदा स्वतः किडा लावून बघितला. दहा मिनिटं काही नाही. परत माझ्याकडे दिला, मी लावला, पडला की लागला.

"तुझ्या हातात काहीतरी आहे, पोरा," ते म्हणाले.

पोरा. दीड वर्षात पहिल्यांदा. माझ्या घशाशी आलं. बरंचसं केळं होतं ते, पण थोडी भावनाही होती.

वजन झालं, तेवीस पौंड चार औंस. रॅगस्डेलचे बावीस. टाळ्या वाजल्या. मिस जॅनेल रडल्या, रेलिनने मला खूण केली, "आत्ता विचार." माझा हात खिशातल्या अंगठीवर गेला. कप मिस्टर हॉइटच्या हातापासून चार इंचांवर होता.

"एक मिनिट," पाद्री म्हणाले. "आधी यंत्र."

यंत्र मी विसरलोच होतो. तुम्हाला वाटेल, चर्चची स्पर्धा, खोटं पकडायचं यंत्र कशाला? कारण एका वर्षी आमच्याच एका भाविकाने माशांच्या पोटात शिसं भरलं होतं. तेव्हापासून जिंकणाऱ्या बोटीतल्या एकाला यंत्रावर बसवतात, चिठ्ठी टाकून. चिठ्ठीत माझं नाव निघालं. टॅनर स्प्रॅडलिन.

परीक्षा चर्चमधल्या रविवारच्या बालवर्गाच्या खोलीत होती. खुर्च्या सहा वर्षांच्या मुलांच्या मापाच्या. भिंतीवर बायबलमधल्या, माशाने गिळलेल्या योनाचं चित्र, रंगीत खडूंनी काढलेलं. योना घाबरलेला दिसत होता, पण त्याला निदान तारा जोडलेल्या नव्हत्या. माझ्या समोर मिस्टर ब्यूफोर्ड, निवृत्त डेप्युटी, यंत्राची पेटी उघडून बसले. बाजूला गुडघे कानाशी घेऊन दोन साक्षीदार, एका बाजूला मिस्टर हॉइट आणि दुसऱ्या बाजूला, नियमाप्रमाणे, दुसरा आलेला ग्रेडी रॅगस्डेल.

"आधी तुझं खोटं कसं दिसतं ते बघू," मिस्टर ब्यूफोर्ड म्हणाले. "एक ठार खोटं वाक्य बोल."

समोर दिसत होते मिस्टर हॉइट, आणि तोंडाला आलं ते बोललो.

"मला मिस जॅनेलचं भोपळ्याचं कॅसरोल फार आवडतं."

सुई कागदाच्या कडेवर जाऊन आपटली. मिस्टर ब्यूफोर्डनी त्या शिखरावर पेन्सिलने नीट लिहिलं, 'जॅनेलचं कॅसरोल. खोटं.' मी भीत भीत मिस्टर हॉइटकडे पाहिलं. ते योनाकडे बघत होते. पण त्यांच्या मिशीचं एक टोक वर गेलं होतं.

मग प्रश्न सुरू झाले. मासे आज पकडले? हो. याच तळ्यात? हो. वेळेत? हो. पोटात काही भरलं? नाही. रेघ सरळ, महामार्गासारखी.

"बोटीवर असं काही घडलं का, जे तू जोडीदारापासून लपवून ठेवलंस?"

"नाही."

सुईने कॅसरोलइतकीच उडी मारली.

"पुन्हा विचारतो," मिस्टर ब्यूफोर्ड म्हणाले. पुन्हा विचारलं. पुन्हा उडी. रॅगस्डेल हसला आणि त्याची छोटी खुर्ची करकरली. मिस्टर हॉइट हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत ती बैठकीतली पुसलेली मोकळी जागा होती. गप्प राहिलो, तर त्यांचा कप जाणार, आणि वर लबाडीचा शिक्का बसणार. बोललो, तर रेलिन जाणार.

कागद तेवढा पुढे गेला.

"केळं," मी म्हणालो.

मिस्टर ब्यूफोर्डनी पेन्सिल खाली ठेवली.

"किती?" मिस्टर हॉइटनी विचारलं. आवाज अगदी हळू.

"ब्रेडमध्ये होती, सर. आई पाच घालते."

"पाच."

"आणि अक्रोड."

"अक्रोडाचं मी विचारलं नाही."

मी सगळं सांगितलं. वीट, फॉइल, मधातलं हॅम, लोणी, हात. रॅगस्डेल उठायला गेला. खुर्चीही त्याच्यासोबत उठली. "म्हणजे गळाला खाद्य लावलं! चौथा नियम, खरं खाद्य लावायचं नाही! बाद करा!"

"मुद्दाम लावलंस?" मिस्टर ब्यूफोर्डनी मला विचारलं.

"नाही."

सुई झोपलेली.

"वास लागला फक्त," मिस्टर ब्यूफोर्ड म्हणाले. "आणि ग्रेडी, तुझ्या शर्टाला लसणाच्या बाटलीचा वास येतोय. किड्याला वास लावलेला चालतो, हे गेल्या वर्षी तूच समितीकडून लिहून घेतलंस. बस खाली."

रॅगस्डेल बसला. खुर्चीही त्याच्यासोबत बसली.

"यंत्र बंद करू नकोस, ब्यूफोर्ड," मिस्टर हॉइट म्हणाले. ते माझ्या अगदी जवळ आले. "केळं बोटीवर आलं की अपशकुन होतो, यावर तुझा विश्वास आहे?"

मी शिकलेला माणूस आहे. दोन वर्षं कॉलेज केलंय. "नाही, सर," मी म्हणालो.

सुई उडाली. कॅसरोलच्या खालोखाल उडाली. मिस्टर हॉइटनी कागदाकडे बघून समाधानाने मान हलवली.

"माझ्या मुलीशी लग्न करायचंय?"

"हो, सर."

चौघेही कागदावर वाकलो. रेघ सरळ होती. मिस्टर ब्यूफोर्डनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हॉइट, तीस वर्षांत इतकी सरळ रेघ मी पाहिली नाही."

मिस्टर हॉइटनी टोपी काढली, आत बघितलं, परत घातली, आणि रॅगस्डेलला उद्देशून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"तीस वर्षं सांगतोय. बोटीवर केळं आलं की काहीतरी वाईट घडतंच. तुम्ही लोक हसता. आज बघा. जावई मिळाला."

ऑक्टोबरमध्ये आमचं लग्न झालं. मोठा कप मोकळ्या जागेत बसला. त्याआधी मिस्टर हॉइटनी बोट साबणाने तीन वेळा धुतली. पाद्रींनी ती आशीर्वाद देऊन शुद्ध करावी, असंही त्यांनी विचारलं होतं. पाद्री तयार होते, पण ट्रेलर चर्चच्या दारातून आत येईना.

कागदाला रेलिननेच चौकट करून घेतली, ती सरळ रेघ आवडली म्हणून. तो लेडबेटरांच्या जेवणाच्या खोलीत, बरोबर माझ्या खुर्चीच्या मागे टांगलाय. पाहुण्यांना ती उजवीकडचं टोक दाखवायची आणि सगळे "वा" म्हणायचे. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत छान चाललं होतं. त्या दिवशी मिस जॅनेलनी नवा चष्मा घातला आणि डावीकडून सुरुवात केली.

त्या काही बोलल्या नाहीत. आमच्याकडची माणसं काही बोलत नाहीत. फक्त आता दर रविवारी माझ्यासाठी कॅसरोलचं वेगळं भांडं असतं. मिस्टर हॉइट माझ्याकडे बघतात आणि टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हळूच थोपटतात. मी खातो. मिस जॅनेल हनुवटीखाली हात घेऊन विचारतात, "कसं झालंय?" मी म्हणतो, "अप्रतिम."

येत्या रविवारी त्यांनी मिस्टर ब्यूफोर्डनाही जेवायला बोलावलंय. येताना पेटी घेऊन या, म्हणाल्या.